हिरवं म्हणजे सुरुवात

आज सकाळी साडेसातला मी परसात बनियनवर उभा होतो आणि हातातली काचेची नळी उन्हाकडे धरली होती. नळीत पिवळट-हिरवं पाणी. तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला.

"काय आला रिपोर्ट?"

शेजारचे काका. बँकेतून रिटायर झाल्यापासून त्यांची शाखा आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर भरते.

"काका, तळ्याचं पाणी आहे हे."

"अरे, लाजतोस काय! आम्ही घरीच करायचो. बेनेडिक्टचं औषध नळीत घ्यायचं, त्यात आपले आठ थेंब, आणि उकळायचं. निळं राहिलं तर पास. विटकरी झालं की कल्याण. तुझं हिरवं आहे. हिरवं म्हणजे सुरुवात."

"शुगर नाही हो, अमोनिया बघतोय! माशांचा!"

"श्रीखंड बंद कर," काका म्हणाले. हे त्यांनी ज्या आवाजात म्हटलं, त्यात कर्वे पुतळ्यापर्यंतच्या लोकांनी श्रीखंड बंद केलं असेल.

माझाही योगायोग असा, की या किटमध्येसुद्धा आठच थेंब असतात. पाच मिली पाणी, दोन बाटल्यांतले आठ-आठ थेंब, हलवायचं, पाच मिनिटं थांबायचं. पिवळं राहिलं तर अमोनिया शून्य, हिरवट झालं तर गप्पी माशांच्या जिवाला घोर. काकांना मी सगळं सांगितलं. माशांची घाण आणि कुजलेलं खाणं यांतून अमोनिया होतो, एक जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्रेट, आणि ते झाडं खातात. ही जिवाणूंची वस्ती बसायला महिना-दीड महिना लागतो. म्हणून एका वेळी चौथा हिस्साच पाणी बदलायचं, आणि नळाचं पाणी आधी दिवसभर बादलीत उघडं ठेवायचं, क्लोरीन उडावा म्हणून.

"नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून पुण्यात पाणी आणलं," काका म्हणाले. "ते बसले होते का थेंब मोजत?"

नसतील बसले. पण त्यांच्या हौदात रोज सकाळी कोणी शिळ्या पोळीचे तुकडे टाकत नसावं. खरं दुखणं ते आहे! काकांनी कुठेतरी ऐकलंय, माशांना घातलं की पितर तृप्त होतात. पितर काकांचे, तळं माझं. मासे चार तुकडे खातात, बाकीचे तळाशी कुजतात. त्यात दुपारी उन्हात शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, पीएच चढतो, आणि चढत्या पीएचला तोच अमोनिया जास्त विषारी होतो. गेल्या आठवड्यात सहा गप्पी गेले. काका हळहळले, म्हणाले, "पाणी बाधलं." तोंडावर बोलायची माझी हिंमत नाही, कारण आमची गॅसची जादा टाकी त्यांच्याकडे असते.

दहा वाजता कामवाल्या मावशींनी विचारलं, "दादा, गोळ्या सुरू केल्या का?" अकरा वाजता समोरच्या काकूंकडून कारल्याचा रस आला. बायकोने तो मला प्यायला लावला, "एवढ्या प्रेमाने दिलाय" म्हणून.

संध्याकाळी तळ्यावर गेलो तर पाण्यावर पोळीचे तुकडे तरंगत होते, आणि भोवती तेलकट तवंग.

काकांनी आज पोळीला तूप लावलं होतं.