आयएसओवर आळ नको, भाऊ

नमस्कार भाऊ. झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, मंडईच्या जत्रेत रात्रीच्या नाटकात छोट्या कॅमेऱ्यानं काढलेल्या फोटोंवर मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: खलनायकाच्या फोटोत दाणेच दाणे आहेत, आयएसओ (कॅमेरा फोटो किती उजळवतो तो आकडा) १६०० वर नेला तिथंच मी माती केली, १०० वर ठेवला असता तर फोटो स्वच्छ आला असता. मोबाइलही याहून बरा. मेगापिक्सेल कमी तितके दाणे कमी, असं मी लिहिलं ते चूक. आणि फ्लॅश काहून नाही मारला?

दाणे आहेत, मान्य. फोटो पूर्ण मोठा करून पाहिला तर त्याच्या काळ्या कोटावर निळ्या-गुलाबी ठिपक्यांची भुकटी दिसते, कोणी रांगोळी सांडल्यासारखी. पण त्याचा आळ आयएसओवर नको.

त्या रात्री भिंगाचं तोंड एफ २.८ (हा आकडा लहान तितका उजेड जास्त), शटर १/६० सेकंद आणि आयएसओ १६०० होता. १०० वर आणायचा तर शटर सोळापट वेळ, म्हणजे सुमारे पाव सेकंद उघडं ठेवावं लागलं असतं. झाडीपट्टीचा खलनायक पाव सेकंद स्वस्थ उभा राहतो का, तुम्हीच सांगा! शटर तेच ठेवून नुसता आयएसओ उतरवला असता तर फोटो काळाकुट्ट. घरी संगणकावर उजळला की तेच दाणे वर येतात, कधी जास्तच, कारण कॅमेऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक्सची स्वतःची खरखरही सोबत वाढते. आयएसओ म्हणजे जेवढं हाती आलं त्याचा आवाज मोठा करणं. हाती आलं होतं तेच थोडं.

मोहफुलं वेचली असतील तुम्ही. झाडाखाली झाडून घेतलेल्या जागेत सारख्या आकाराचे चौकोन आखा. पहाटे थोडीच फुलं पडली असतील तर एका चौकोनात सहा, शेजारच्यात बारा. सरासरी नऊ असेल तर तीनेकचा फरक सहज पडतो, म्हणजे एक तृतीयांश. सरासरी नऊशे असेल तर फरक तीसच्या आसपास, म्हणजे शेकडा तीन-साडेतीन. उजेडाचे कणही असेच बेहिशेबी पडतात. कण थोडे असले की सारख्या रंगाच्या कापडावरही शेजारशेजारचे पिक्सेल एकमेकांशी जुळत नाहीत. हेच ते दाणे.

आणि आपल्या छोट्या कॅमेऱ्याचं अंगण तरी केवढं? १/२.३ इंची म्हणतात तो सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चकती, साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा, तुरीच्या दाण्याएवढा. फुल फ्रेम म्हणतात त्या मोठ्या कॅमेऱ्यांचा ३६ बाय २४, म्हणजे क्षेत्रफळ तीसपट. एक इंची म्हणवणारा सेन्सरही (एक इंच त्यात कुठूनही मोजला तरी भरत नाही, ते सोडा) आपल्याहून चौपट मोठा. २०१२ साली सोनीनं आरएक्स१०० या छोट्या कॅमेऱ्यात तो खिशात बसवला, म्हणून त्याचं एवढं कौतुक झालं.

त्यात मी पहिल्या अंकाला मागं बसून झूम ताणत होतो. माझ्या कॅमेऱ्याचं भिंग पूर्ण झूमवर एफ ५.९ होतं, उजेड पाव हिश्श्याहूनही कमी. ते फोटो मी दाखवलेच नाहीत. दुसऱ्या अंकाला पेटी-तबलावाल्यांच्या बाजूला जाऊन बसलो, झूम बंद केला. तुम्ही नावं ठेवता तो फोटो तिथला. निळे ठिपके का, तर पिवळ्या हॅलोजनमध्ये निळा उजेड फार थोडा. रंग सारखे करायला कॅमेरा तो निळा ताणतो, त्याचे दाणेही ताणले जातात. नॉइज रिडक्शन, म्हणजे कॅमेऱ्याची दाणे पुसायची सोय, मी कमीत कमी ठेवलं, कारण ते वाढवून काढलेल्या फोटोत नायिकेच्या लुगड्याची जर गायब झाली होती आणि चेहरा मेणाच्या बाहुलीसारखा झाला होता.

मोबाइलबद्दल तुमचं अर्धं खरं. तो एका दमात अनेक फोटो काढून एकमेकांवर बसवतो. नऊ फोटो जोडले तर दाणे एक तृतीयांशावर येतात. पडदा, खांब, मागचं रंगवलेलं जंगल सुरेख येतं. पण तलवार फिरवणारा हात प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी असतो, तिथं एक तर धूसर होतं, नाही तर दाणे परत येतात.

मेगापिक्सेलचं मात्र तुम्ही बरोबर पकडलं. ‘मेगापिक्सेल कमी तितके दाणे कमी’ हे मी ठोकून दिलं होतं. कॅनननं २००८ च्या जी१० कॅमेऱ्यात १४.७ मेगापिक्सेल दिले आणि २००९ च्या जी११ मध्ये १० वर उतरले, तेव्हापासून ते डोक्यात बसलं होतं. सेन्सरचा आकार तोच असेल तर एकूण उजेडही तेवढाच. एकेक पिक्सेल मोठा करून पाहिला तर फरक दिसतो, पण सारख्याच मापाची प्रत काढली की तो जवळपास मिटतो. वाक्य आज दुरुस्त केलं आहे.

राहिला फ्लॅश. एकदा मारला होता, मागं बसलो होतो तेव्हा. पुढच्या दोन रांगांमधले फेटे आणि टकलं लख्ख आली, रंगमंच अंधारात. पुढं बसल्यावर नटाच्या डोळ्यांवर तो मारायची माझी हिंमत झाली नाही.