बारा हजारांतला ‘100 इंची टीव्ही’

बारा हजारांचा प्रोजेक्टर घेतला की टीव्हीची गरजच उरत नाही, अशा आशयाचा संदेश सध्या व्हॉट्सॲपवर फिरत आहे. 9000 ल्युमेन प्रकाश, ‘फोर-के सपोर्ट’, भिंतीवर 100 इंची चित्र आणि वर डोळ्यांना आराम, असा त्याचा दावा आहे.

आधी ल्युमेन, म्हणजे यंत्रातून बाहेर पडणाऱ्या एकूण प्रकाशाचे माप, पाहू. खोक्यावरचा 9000 हा आकडा कोणत्या पद्धतीने मोजला, हे बहुधा कोठेच दिलेले नसते. पडद्याच्या नऊ भागांवर पडणारा प्रकाश मोजून सरासरी काढणे, ही ‘ॲन्सी’ ल्युमेनची पद्धत आहे आणि तिने मोजल्यास या किमतीची यंत्रे सहसा काहीशे ल्युमेनच्या पुढे जात नाहीत. 300 धरून हिशेब करू. 100 इंची चित्राचे क्षेत्रफळ सुमारे 2.75 चौरस मीटर भरते. साध्या पांढऱ्या पडद्यावर तेवढ्या जागेत 300 ल्युमेन पसरले की जेमतेम 35 निट (पडद्याच्या उजळपणाचे एकक) तेज मिळते. चित्रपटगृहातील डिजिटल प्रक्षेपणाचे प्रमाण 48 निट आहे, तेही काळोखात. साधा टीव्हीसुद्धा 250 निटांच्या आसपास असतो.

शिवाय प्रोजेक्टरला काळा रंग टाकताच येत नाही, कारण तो केवळ प्रकाश टाकतो. भिंत जितकी उजळ, तितकाच चित्रातला काळा उजळ. असे एक यंत्र मी दुपारी खिडक्यांचे पडदे ओढून क्रिकेटच्या सामन्यासाठी लावले होते. धावफलक वाचता येत होता. चेंडू मात्र क्षेत्ररक्षक खाली वाकला की मगच कळत होता.

‘फोर-के सपोर्ट’ म्हणजे यंत्र तो सिग्नल स्वीकारते, एवढेच. फोर-के चित्रात सुमारे 83 लाख पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके, असतात. यंत्रातल्या चित्र घडवणाऱ्या 1280×720 च्या पॅनेलवर त्यांतले 9 लाखच उरतात. माहितीपत्रकात ‘नेटिव्ह रिझोल्यूशन’, म्हणजे पॅनेलवरच्या पिक्सेलची खरी संख्या, शोधावे. टीपॉयवर तिरके ठेवलेल्या यंत्राचे वाकडे चित्र ‘कीस्टोन’ या सोयीने सरळ केले, की त्यांतूनही काही पिक्सेल वाया जातात. (महागड्या यंत्रांत पिक्सेल वेगाने सरकवून फोर-के साधतात, ती फसवणूक नव्हे.)

डोळ्यांच्या आरामाचे श्रेय परावर्तित प्रकाशाला देण्याचे कारण नाही. चित्र मंद आणि दूर असते, इतकेच. टीव्हीची बॅकलाइट कमी करूनही ते साधते.

एक गोष्ट मात्र खरी. याच यंत्राचे चित्र 70 इंचांवर आणले, तर क्षेत्रफळ निम्मे होऊन तेज दुप्पट होते आणि रात्री दिवे मालवून चित्रपट पाहायला तेवढे पुरते.