डोंगरावरचं गवत कापणार कोण?

फेब्रुवारी उजाडला की आमच्या राजापूर-लांजा भागात कुठल्या ना कुठल्या सड्यावर (डोंगरमाथ्यावरच्या कातळाच्या पठारावर) धूर दिसतो आणि चर्चा सुरू होते, वणवा कोणी लावला? शिकारीसाठी डुकरं उठवायला लावला, कोवळं गवत फुटावं म्हणून लावला, दाढ (भाताच्या रोपांची जागा) भाजताना आग बांधापलीकडे गेली, विजेच्या तारा एकमेकींना घासल्या. ही सगळी कारणं खरी आहेत. मुद्दाम आग लावणाऱ्यावर गुन्हा दाखल झालाच पाहिजे. पण ठिणग्या आजोबांच्या काळातही पडत होत्या. तेव्हा आग गडगा (दगडी कुंपण) ओलांडून वाडीपर्यंत क्वचितच यायची.

कारण पेटायला गवत उरतच नव्हतं. दिवाळी झाली की सड्यावर विळे चालायचे. गुरांच्या वैरणीला गवत, गोठ्याच्या शाकारणीला गवत, आंब्याच्या अढीला गवत, वर भारे बांधून विक्री. उरलंसुरलं गुरं चरायची. आज गोठे रिकामे, तरुण मुंबईला, आणि गवत कापायची मजुरी गवताच्या किमतीहून जास्त. तीन हजार मिलिमीटर पावसावर माजलेलं ते गवत सुकून जूनपर्यंत तसंच उभं राहतं.

त्यात सातबारा बघा. एका सामाईक गटावर वीस-पंचवीस नावं, निम्मे वारस विरार-डोंबिवलीला. कापायचा खर्च कोणी करायचा? आपण वनखात्याच्या नावाने ओरडतो, पण रत्नागिरी जिल्ह्यात वनखात्याच्या मालकीचं जंगल नगण्य आहे. हे डोंगर बहुतांशी आपल्याच नावावर आहेत.

१९९० पासून रोजगार हमीतून फळबागा झाल्या, याच वरकस (डोंगरउताराच्या, हलक्या) जमिनीत काजू-आंबा उभा राहिला. काजूची बी झाडावर तयार होते तेव्हाच वणव्याचे दिवस असतात. तरुण कलम होरपळलं की पावसाळ्यात कधीकधी खालून हिरवा फुटवा येतो, बघून बरं वाटतं. पण तो कलमाच्या जोडाखालचा, ज्यावर कलम बांधलं त्या खुंटाचा रायवळ (गावठी) फुटवा. वेंगुर्ला-४ या काजूच्या सुधारित जातीचं कलम गेलेलं असतं. पुन्हा खड्डा, पुन्हा कलम, पुन्हा तीन-चार वर्षांची वाट. ज्याचं उत्पन्नच तेवढं आहे त्याने काय करायचं? शिवाय जळून उघडी पडलेली माती पहिल्याच पावसात वहाळात जाते. कातळावर मुळात मातीचा थर केवढा!

लागवडीला सरकार पैसे देतं, तसे नोव्हेंबरात गवत कापून बागांभोवती दहा-पंधरा फुटांचा पट्टा मोकळा करायलाही रोजगार हमीतून मजुरी मिळाली पाहिजे. सामाईक गटात हे काम ग्रामपंचायतीने करावं, सगळ्या वारसांच्या सह्यांसाठी अडवून ठेवू नये.

आणि मुंबईकर मंडळींनो, शिमग्याला पालखीसाठी वर्गणी काढता तशीच दिवाळीत गवत कापणीसाठी काढा. आमच्या वाडीच्या पुढच्या सभेत मी हा विषय मांडणार आहे. तुमच्या वाडीत कोण मांडणार, कमेंटमध्ये लिहा. ज्या गावांत अशी कापणी होते, त्यांनी मजुरी कशी जमवता आणि कापलेल्या गवताचं काय करता तेही सांगा.