‘कोरियन क्रीम आपल्यासाठी नाहीच’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सोलापुरात महिला मंडळांच्या आणि शाळेतल्या पालकांच्या ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. म्हणणं असं: कोरियन क्रीम-सीरम हे थंड देशातल्या गोऱ्या लोकांचं खूळ, आपल्या उन्हात आणि सावळ्या कातडीला ते चालत नाही. दुकानात मिळतो तो माल डुप्लिकेट, नाहीतर तारीख उलटलेला. दहा थर थापल्याशिवाय गुण येत नाही. त्यात गोगलगाईचा चिकटा असतो. तेव्हा मुलींना असा माल विकणाऱ्या दुकानांची पायरी चढू देऊ नका, हळद-बेसन-लिंबू लावा. मी औषधाच्या दुकानात काउंटरला असते. हा मेसेज दाखवून आया मला ‘खरं आहे का हो?’ असं विचारतात, म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी डुप्लिकेटचं. डुप्लिकेट माल बाजारात आहे, ते खरंच आहे. पण बाहेर विणलेली चादर ‘सोलापुरी’ म्हणून विकली जाते, म्हणून आपण सोलापुरी चादर घ्यायचं सोडलं का? खरी कशी ओळखायची ते पाहुण्यांना सांगतो. इथेही ओळखता येतं. कॉस्मेटिक्स रूल्स २०२० प्रमाणे परदेशातून येणाऱ्या सौंदर्यप्रसाधनाची केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडे नोंदणी लागते, आणि तो नोंदणी क्रमांक व नोंदणीधारकाचं नाव-पत्ता लेबलवर असावा लागतो. शिवाय आयातदार कोण, एमआरपी किती, तक्रार कुठे करायची, हेही छापावं लागतं. खोकं उलटं करा. कोरियन मजकुराच्या बाजूला किंवा त्याच्यावरच एक छोटं पांढरं स्टिकर असतं, ही सगळी माहिती बहुधा त्यावरच सापडते. स्टिकर नसेल तर वस्तू खाली ठेवा, दुकानदार कितीही ओळखीचा असो. नुसत्या सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात जाण्याचा फायदा हाच की खोकं हातात घेऊन वाचता येतं आणि जीएसटीचं बिल मागता येतं. प्रदर्शनातल्या टेबलावरून किंवा कुणाच्या तरी स्टेटसवरून मागवलेल्या बाटलीला यातलं काहीच नसतं.

‘तारीख उलटलेली’ या तक्रारीत मात्र पुष्कळदा घोटाळा वाचण्यात असतो. कोरियात तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी लिहितात. त्यातही काही खोक्यांवर बनवल्याची तारीख ठळक असते आणि आपण ती संपण्याची समजतो. कोरियन लिपी आपल्याला वाचता येत नाही, तेव्हा भारतीय स्टिकरवर वापरण्याची शेवटची तारीख बघायची. आणि उघड्या डबीच्या चित्रात ‘१२ एम’ असेल तर झाकण उघडल्यापासून बारा महिने, एवढाच त्याचा अर्थ.

आता उन्हाचं, कारण मेसेजमधलं सगळ्यात चुकीचं विधान हेच आहे. एप्रिल-मेमध्ये आपला पारा चाळिशी कधीच ओलांडतो. सावळ्या त्वचेत मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारं द्रव्य, जास्त, त्यामुळे ऊन लागून ती गोरीइतकी पटकन भाजत नाही, हे बरोबर. पण मुरूम फुटला, डास चावला, खरचटलं की त्या जागी काळा डाग पडतो आणि महिनोन्‌महिने जात नाही, हाही त्याच मेलॅनिनचा परिणाम. ऊन लागलं की तो डाग आणखी गडद होतो. म्हणजे सनस्क्रीनची गरज आपल्याला कमी नाही. पूर्वी सनस्क्रीन लावलं की चेहरा राखेसारखा पांढुरका दिसायचा, तो झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइडमुळे. कोरियन सनस्क्रीन आपल्या मुलींना आवडतात ती त्यांतली बरीचशी नव्या फिल्टरची, म्हणजे ऊन अडवणाऱ्या नव्या रसायनांची, पातळ आणि पांढरट थर न सोडणारी असतात म्हणून. थंड देश म्हणावं तर कोरियाचा उन्हाळाही दमट आणि घामाचा असतो.

न चालणारं काय, तेही सांगते. जाड, लोण्यासारखी नाइट क्रीम मे महिन्यात घेऊ नका, घामोळं आणि मुरूम दोन्ही येतील. जानेवारीत गड्डा यात्रेच्या दिवसांत ओठ-गाल फुटतात तेव्हा तीच उपयोगी पडते. व्हिटॅमिन सी चं सीरम पिवळं-तपकिरी झालेलं दिसलं तर उष्णतेनं किंवा हवेनं खराब झालेलं समजा. काचेच्या शोकेसमध्ये उन्हात मांडलेली बाटली तर नकोच. आणि कोरियन आहे म्हणून सनस्क्रीनवरच्या एसपीएफच्या, म्हणजे ऊन अडवण्याच्या, आकड्यावर डोळे झाकून विश्वास नको. २०२० मध्ये एसपीएफ ५०+ लिहिलेलं एक गाजलेलं कोरियन सनस्क्रीन युरोपातल्या चाचणीत १९ च्या आसपास भरलं आणि कंपनीला ते विक्रीतून काढावं लागलं. चांगलं भारतीय सनस्क्रीन स्वस्त पडत असेल तर खुशाल तेच घ्या. दोन बोटांवर रेघ ओढून चेहऱ्याला आणि मानेला रोज लावलं जाणं महत्त्वाचं. महागडी ट्यूब जपून-जपून चिमूटभर लावली तर तिचा उपयोग नाही.

मेकअपच्या बाबतीत मात्र ‘सावळ्या कातडीला चालत नाही’ हे मेसेजमधलं म्हणणं बरंचसं बरोबर आहे. कोरियन कुशन फाउंडेशनच्या (स्पंजच्या डबीतल्या फाउंडेशनच्या) नेहमीच्या शेड म्हणजे नंबर २१ आणि २३, दोन्ही आपल्यातल्या बहुतेकींना फिक्या. टिरटिरसारख्या कंपनीनं २०२४ मध्ये शेड तीसपर्यंत वाढवल्या, पण दुकानात त्या सगळ्या येतीलच असं नाही. टेस्टर जबड्याच्या कडेला लावा, दुकानाच्या दारात येऊन उजेडात बघा, मगच पैसे द्या. ओठांना रंग देणाऱ्या लिप टिंटला ही अडचण नाही.

दहा थरांचा आग्रह कोरियापेक्षा बाहेरच्या विक्रेत्यांनीच जास्त वाजवला. चेहरा धुवायला सौम्य फेसवॉश, एक मॉइश्चरायझर, सकाळी सनस्क्रीन. कॉलेजच्या मुलीला एवढं पुरे.

गोगलगाईचं: काही सीरममध्ये तो स्राव असतो आणि बाटलीवर ‘स्नेल’ असं ठळक लिहिलेलं असतं. ज्यांना चालत नाही त्यांनी घेऊ नये. बाकी कितीतरी वस्तू तांदळाच्या, जिन्सेंगच्या आहेत. ‘सिका’ म्हणून ज्याचं एवढं नाव आहे ती तर आपली मंडूकपर्णी.

हळद-बेसनाशी माझं भांडण नाही, लिंबाशी आहे. लिंबाचा रस फार आम्ल असतो, आणि तो लावून उन्हात गेलं तर त्वचा भाजून फोड येतात, मागे काळे चट्टे राहतात. सोलापूरच्या उन्हात मुलींना लिंबू लावायला सांगणं म्हणजे मुद्दाम डाग पाडून घेणं.

आणि ‘पायरी चढू देऊ नका’चा परिणाम मी काउंटरवरून बघते. घरून मनाई असलेली मुलगी ओढणीआडून मोबाइलवरचा फोटो दाखवते. फोटोत स्टिरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन एकत्र असलेली ट्यूब. ‘काकू, मैत्रीण आठ दिवसांत गोरी झाली.’ डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मी ती देत नाही. ती महिनोन्‌महिने लावली की त्वचा पातळ होते, लाल पडते, चेहऱ्यावर लव वाढते, आणि बंद केली की मुरूम उसळतात. याहून वाईट म्हणजे लेबल नसलेल्या गोरेपणाच्या डब्या. २०२३ मध्ये केरळच्या मलप्पुरममध्ये मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या आजाराचा माग काढताना डॉक्टर अशाच पारा असलेल्या क्रीमपर्यंत पोचले. त्या मेसेजमध्ये या दोन्हींबद्दल एक ओळही नाही.

दुकानात मुलीबरोबर तुम्ही स्वतः जा. नवीन वस्तू आधी दोन-तीन दिवस कानामागे लावून बघा. आग झाली, पुरळ आलं तर बंद करा आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. माल खोटा निघाला तर बिल आणि खोकं फेकू नका, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा आणि अन्न व औषध प्रशासनाकडेही लेखी द्या.