क्रिकेटचा चेस्ट गार्ड घालून प्लेटमागे उभं राहू नका

गेल्या रविवारी सकाळी पुतणी घरी आली आणि चप्पल काढायच्या आधी पिशवीतून नवाकोरा क्रिकेटचा चेस्ट गार्ड काढून दाखवला. येत्या शनिवारी तिला शाळकरी मुलांच्या बेसबॉल सामन्यात पहिल्यांदा पंच म्हणून प्लेटमागे, म्हणजे बॅटर जिथे चेंडू मारतो त्या पाटीमागे, उभं राहायचं आहे. "काका, पाहा ना, सीताबर्डीत साडेपाचशेत भेटला. ग्रुपवर मेसेज फिरून राहिला, पंचाला एवढं पुरते म्हणे."

मी मेसेज मागितला. संध्याकाळपर्यंत तोच मजकूर मला आणखी तीन ग्रुपवर दिसला, त्यातला एक क्रीडाशिक्षकांचा. नव्या प्लेट पंचांनी पैसे कसे वाचवावेत यावर त्यात पाच सल्ले आहेत. क्रिकेटचा चेंडू बेसबॉलपेक्षा जड, तेव्हा क्रिकेटचा गार्ड पंचाला भरपूर झाला. पुढे चेंडू झेलणारा कॅचर बसलेला असतो, पंचाला चेंडू लागतोच कुठे? शाळेच्या मुलांचे चेंडू हळू येतात, तिथे काही घातलं नाही तरी चालतं, आणि नागपूरच्या उन्हात तर नकोच. कडक कवचापेक्षा जाड मऊ फोम बरा, अमेरिकेतले पंचसुद्धा हवा भरलेली गादी वापरायचे. आणि फारच भीती वाटली तर कॅचरचा जादा सेट घालावा.

बावीस वर्षं मी या शहरातल्या मैदानांवर सॉफ्टबॉल आणि बेसबॉलच्या सामन्यांत पंचगिरी करतो आहे. मेसेज लिहिणारा प्लेटमागे एक डावही उभा राहिला असेल असं मला वाटत नाही. पण तो वाचून माझ्या घरातली मुलगी पैसे मोजून आली, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

आधी तो चेंडूच्या वजनाचा मुद्दा, कारण पुतणीला तोच पटला होता. आकडा खरा आहे, हे मान्य करावं लागेल. क्रिकेटचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा, बेसबॉल १४२ ते १४९ ग्रॅमचा. पण मग बारा इंची सॉफ्टबॉल १७८ ते १९८ ग्रॅमचा असतो, हे का नाही लिहिलं? नावात 'सॉफ्ट' असलं तरी तो चेंडू मऊ नसतो, आणि आपल्याकडे बहुतेक पंच दोन्ही खेळांत पंचगिरी करतात.

खरी गोष्ट मात्र वजनाची नाहीच. क्रिकेटचा चेस्ट गार्ड फलंदाजासाठी बनतो, आणि फलंदाज गोलंदाजाकडे आडवा उभा असतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याची डावी बाजू पुढे येते, म्हणून बहुतेक गार्ड छातीची एकच बाजू झाकतात आणि पट्ट्याने अंगाला घट्ट बांधले जातात. प्लेट पंच समोर तोंड करून उभा असतो. त्याची छातीची दोन्ही अंगं, दोन्ही खांदे, दोन्ही गळपट्टीची हाडं, गळ्याखालची खोबण, सगळं पिचरच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याच्या, समोर असतं. शिवाय तो कॅचरच्या बरोबर मागे नसतो. कॅचर आणि बॅटर यांच्यामधल्या फटीत तो डोकं आणतो, कारण स्ट्राइक, म्हणजे मारण्याजोग्या पट्ट्यातून गेलेला चेंडू, तिथूनच दिसतो. उजवा बॅटर आला की तो कॅचरच्या डाव्या बाजूला सरकतो, डावखुरा आला की उजव्या. म्हणजे एका डावात अंगाची उघडी बाजू चार वेळा बदलू शकते. एकाच बाजूचा गार्ड घालून तुम्ही काय करणार, दर बॅटरला पट्टे सोडून उलटा बांधणार?

मी पुतणीला तो गार्ड घालायला लावला आणि प्लेटमागे बसतात तसं वाकायला सांगितलं. मग हातात चेंडू घेऊन तिच्या अंगाला एकेक ठिकाणी नुसता टेकवत गेलो. उजवी फासळी, उघडी. उजवं गळपट्टीचं हाड, उघडं. डावं गळपट्टीचं हाड, तेही उघडं, कारण गार्डची वरची कड त्याच्या तीन बोटं खाली संपत होती. पोटाचा वरचा भाग उघडा. तिचा चेहरा उतरला. साडेपाचशे रुपये तिने शिकवणीच्या पैशांतून दिले होते. दुकानदाराने उघडलेलं पाकीट परत घेतलं नाही, ते वेगळंच.

आणखी एक फरक आहे. फलंदाज चेंडू येताना पाहतो, मागे झुकतो, बॅट मध्ये घालतो. पंचाला हलायची परवानगी नाही. डोळे उघडे ठेवून स्थिर राहायचं, हेच त्याला पहिल्या दिवसापासून शिकवतात. पिचरपासून प्लेटपर्यंत १८.४४ मीटर असतात, तिथवर चेंडू दिसतो. पण बॅटची निसटती कड लागून चेंडूची दिशा बदलली, तर बॅटपासून पंचापर्यंत साधारण दीड मीटर उरतं. ताशी ११० किलोमीटर वेगाचा चेंडू ते अंतर सेकंदाच्या विसाव्या भागात कापतो. माणसाला डोळ्यांनी पाहून अंग हलवायला त्याच्या चौपट वेळ लागतो.

यातच दुसऱ्या मुद्द्याचं उत्तर आलं. कॅचर बहुतेक चेंडू अडवतो, हो. पण बॅटला निसटता लागून मागे उडालेला फाऊल चेंडू ही अडवायची गोष्टच नव्हे. बॅट चेंडूच्या खालच्या अंगाला लागली की चेंडू मागे आणि वर उसळतो, कॅचर तर खाली उकिडवा बसलेला असतो. त्याच्या डोक्यावरून जे येतं ते पंचाच्या मास्कवर, गळ्यावर नाहीतर गळपट्टीच्या हाडावर.

कॅचरचा सेट घालण्याबद्दल मला पुस्तकातून सांगायची गरज नाही. पंधरा वर्षांपूर्वी एका आंतरमहाविद्यालयीन सामन्यात मी तेच केलं होतं. आठव्या डावात फाऊल चेंडू डाव्या खांद्यापाशी बसला, हाडाला चीर गेली आणि सहा आठवडे हात झोळीत. कॅचरचा प्रोटेक्टर वाईट नसतो, पण त्याचं काम निराळं असतं. चेंडू अंगावर आदळून तिथेच पुढ्यात पडावा, म्हणजे उचलून बेसवर फेकता येईल, यासाठी तो मऊ आणि वाकणारा करतात. फेकणारा हात मोकळा राहावा म्हणून त्या खांद्याकडचा भाग कापलेला असतो. कॅचर खांदे पुढे घेऊन, हनुवटी खाली दाबून चेंडू अडवतो, पंचाने तसं केलं तर त्याला काही दिसणार नाही. पंचाला चेंडू पुढ्यात पाडायचा नसतो. त्याला मार पसरवायचा असतो, आणि ते काम कडक कवच करतं. चेंडूचा सगळा जोर एका रुपयाएवढ्या जागेवर न येता प्लॅस्टिकच्या पूर्ण तुकड्यावर पसरतो आणि मग खालच्या फोममध्ये जिरतो. नुसता फोम कितीही जाड घेतला तरी चेंडू एका बिंदूवर आदळतो आणि फोम तिथेच हाडापर्यंत दबतो. दुकानात अंगठ्याने जोरात दाबून पाहा, बोट तळाला लागलं तर तो ठेवून द्या.

हवेच्या गादीबद्दलही अर्धंच लिहिलं आहे. अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलच्या दोन लीग आहेत. त्यांतल्या अमेरिकन लीगचे पंच छातीसमोर हवा भरलेली गादी हातांनी धरून उभे राहायचे, हे खरं. नॅशनल लीगमध्ये मात्र बिल क्लेम या नामवंत पंचाच्या काळापासून शर्टाच्या आत घालायचा प्रोटेक्टर रुळला होता. ती गादी धरली की पंचाला कॅचरच्या डोक्यावरून पाहावं लागे, फटीत जाता येत नसे आणि खालचा चेंडू नीट दिसत नसे. १९७७ पासून अमेरिकन लीगच्या नव्या पंचांना आतला प्रोटेक्टर सक्तीचा झाला. जुन्यांना सवलत होती, त्यांतले शेवटचे जेरी न्यूडेकर १९८५ मध्ये निवृत्त झाले आणि गादी त्यांच्यासोबत गेली. तिचा दाखला आज देण्यात काय अर्थ आहे?

आता तिसरा सल्ला. या पाचांत मला सगळ्यात जास्त राग याचा आला, आणि क्रीडाशिक्षकांच्या ग्रुपवर त्याला अंगठ्याचे इमोजी टाकून दाद मिळाली होती. 'मुलांचा चेंडू हळू येतो, काही घातलं नाही तरी चालतं.'

छातीवर, नेमक्या हृदयाच्या जागी, नेमक्या क्षणी बसलेला चेंडू धडधाकट माणसाला मारू शकतो. त्याला कमोशिओ कॉर्डिस म्हणतात. हा नेहमीचा हार्ट अटॅक नाही. रक्तवाहिनी तुंबलेली नसते, बरगडी मोडलेली नसते, बरेचदा छातीवर मोठी खूणही नसते. ठोक्यांची लय विस्कटते, हृदय नुसतं थरथरत राहतं आणि रक्त ढकलणं थांबतं. १९९८ मध्ये मार्क लिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये यावरचा प्रयोग छापला. भूल दिलेल्या लहान डुकरांच्या छातीवर त्यांनी बेसबॉलच्या वजनाचा आघात केला आणि तो ठोक्याच्या वेगवेगळ्या क्षणी बसेल अशी व्यवस्था केली. ईसीजीवर दिसणाऱ्या टी-लहरीचं टोक येण्याआधीच्या १५ ते ३० मिलिसेकंदांत आघात झाला, तेव्हा १० पैकी ९ वेळा हृदय थरथरू लागलं. आणि वेग किती होता? ताशी ३० मैल, म्हणजे जेमतेम ४८ किलोमीटर. याच गटाच्या पुढच्या प्रयोगांत सगळ्यात धोक्याचा वेग निघाला ताशी ४० मैल, म्हणजे ६४ किलोमीटर.

ताशी ६४ किलोमीटर हा आठवी-नववीतल्या पोराच्या हातातून सहज निघणारा वेग आहे. ज्याला मेसेजवाला 'हळू' म्हणतो, तो नेमका हाच. हे घडणं दुर्मीळ आहे, हे मीच सांगतो, कोणाला घाबरवून मैदान सोडायला लावायचं नाही. पण ज्यांच्यावर हे ओढवतं ते बहुतेक किशोरवयीन असतात, छातीचा पिंजरा अजून लवचीक असलेले. म्हणजे प्लेटमागे बसलेला आपला तेरा वर्षांचा कॅचर, आणि त्याच्या मागे उभी असलेली माझी वीस वर्षांची पुतणीही या वयापासून फार लांब नाही. या दोघांना 'काही नको' असं सांगणाऱ्या मेसेजला शिक्षक दाद देतात, हे मला सहन होत नाही.

इथे एक गोष्ट मला नाइलाजाने मान्य करावी लागते. प्रोटेक्टर घातला की हृदय सुरक्षित, असंही नाही. २००६ मध्ये पिडिअ‍ॅट्रिक्स या नियतकालिकात बाजारात मिळणाऱ्या प्रोटेक्टरांची चाचणी छापून आली. त्यातले बेसबॉलचे प्रोटेक्टर हा धोका भरवशाने कमी करू शकले नाहीत. त्यानंतर अमेरिकेत यासाठी वेगळं मानक आलं, 'एनडी २००' नावाचं, आणि १ जानेवारी २०२० पासून तिथल्या शालेय बेसबॉलमध्ये कॅचरचा प्रोटेक्टर त्या मानकाचा असणं सक्तीचं झालं. नियम कॅचरसाठी आहे, पंचासाठी नाही, तरी शाळेने नवा सेट घेताना शिक्का पाहून घ्यायला काय हरकत आहे? आणि कुणी छातीवर चेंडू बसून कोसळला, तर पाणी मारत, नाव घेऊन हलवत बसू नका. श्वास नीट नसेल तर एकाने १०८ ला फोन करायचा, दुसऱ्याने त्याच क्षणी छातीच्या मधोमध जोरात आणि भराभर दाबायला लागायचं, तिसऱ्याने जवळपास शॉक देणारं एईडी यंत्र असेल तर धावत आणायचं. प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता घटत जाते.

उन्हाचं म्हणाल, तर मे महिन्यात इथे पारा ४५ च्या वर जातो, ते कोण नाकारतं? त्यावर उपाय सामना सकाळी साडेसहाला सुरू करणं, दोन पंचांनी प्लेट वाटून घेणं, डाव बदलताना पट्टा सैल करून पाणी पिणं. छाती उघडी ठेवणं हा उपाय नव्हे.

पैशांचा मुद्दा खरा आहे. कवचाचा चांगला प्रोटेक्टर बाहेरून मागवावा लागतो, काही हजार रुपये जातात आणि पंचाचं मानधन किती असतं ते सगळ्यांना माहीत आहे. पण तो प्रत्येकाने विकत घ्यायलाच हवा असं नाही. शाळेने किंवा क्लबने दोन मापांचे दोन घेऊन किटमध्ये ठेवले तर वर्षानुवर्षं पुरतात. घाम सावलीत वाळवायचा, गाडीच्या डिकीत उन्हात ठेवायचा नाही, कवचाला तडा गेला की काढून टाकायचा.

माप घेताना उभं राहून पाहू नका, प्लेटमागची बैठक घेऊन पाहा. वरची कड गळपट्टीच्या हाडांवरून गेली पाहिजे, पण गळ्यात रुतायला नको. वाकल्यावर खालची कड मांडीला टेकून प्रोटेक्टर हनुवटीकडे ढकलला जात असेल तर तो लांब आहे. स्ट्राइक देताना हात अडायला नको. आणि तो अंगाला आवळून बांधायचा नसतो, खांद्यांवरून लोंबता ठेवायचा, कवच आणि छाती यांच्यात थोडी हवा राहील असा. वरून शर्ट एक माप मोठा.

पुतणीला माझा प्रोटेक्टर फार मोठा होत होता. सोमवारी आम्ही तो रेशीमबागेजवळच्या मोच्याकडे नेला. त्याने खांद्याचे पट्टे चार इंच आत घेतले, पाठीचा पट्टा नवा लावला, साठ रुपये घेतले. घरी येऊन तिला पुन्हा वाकायला लावलं आणि तोच चेंडू घेऊन पुन्हा एकेक ठिकाणी टेकवत गेलो. या वेळी प्रत्येक ठिकाणी खाली कवच लागलं.