हप्त्याच्या दिवसांत कोणतं गाणं ऐकावं?

पैशाची चणचण असली की गाणी ऐकावीत, मन हलकं होतं, असं सांगणारे हल्ली मला फार भेटतात. ओव्हरटाइम बंद झाल्यापासून तर जास्तच. पुण्याजवळच्या चाकण-भोसरीच्या कारखान्यांच्या पट्ट्यात ओव्हरटाइम बंद होणं म्हणजे काय, हे ज्याने घराचा हप्ता ओव्हरटाइम धरूनच ठरवलाय त्याला विचारा. एका मित्राने ‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणून गाण्यांची भली मोठी यादी धाडली. ऊठ, धाव, जग जिंक. दोन ऐकली आणि मोबाइल पालथा घातला. अरे बाबा, जग राहू दे तुझ्याकडेच, मला पाच तारखेची सोय करायचीय.

मला विचाराल तर तंगीत खरा आधार वाटतो तो तंगीबद्दल सरळ बोलणाऱ्या गाण्याचा. आणि अशी गाणी आपल्याकडे ढिगाने आहेत. कुठली भक्तीच्या फळीवर ठेवलीत, कुठली लोककलेच्या, म्हणून घरखर्चाचं गणित मांडताना ती आठवत नाहीत एवढंच.

तुकोबांचंच घ्या. देहूत वाण्याचं दुकान, महाजनकी, चार लोकांत पत. 1630 च्या आसपास तो भयंकर दुष्काळ पडला आणि सगळं बसलं. ‘दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली’. क्रम बघा. आधी पैसा आटला, मग मान गेला, मग घरातलं माणूस. उधारी मागायला ज्याला कधी दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागलं नाही त्याला हा क्रम सुचणार नाही. पैशापाठोपाठ मान जातो हे आम्हाला आता कळतंय. कालपर्यंत लग्नात पुढच्या पंगतीला बोलावणारे पाहुणे आता फोनच उचलत नाहीत.

त्यांचाच दुसरा अभंग, ‘बरें जालें देवा निघालें दिवाळें’. कीर्तनकार तो वैराग्याकडे नेतात, आणि ते बरोबरच आहे, अभंग जातो तिकडेच. पण माझा कान तिथपर्यंत पोचायच्या आतच अडकतो. आपलं दिवाळं निघालं हे हा माणूस चारचौघांत, टाळाच्या ठेक्यावर सांगतोय. आपण काय करतो? गाडी ओढून नेली तर शेजाऱ्यांना सांगतो सर्व्हिसिंगला दिलीय. (तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली असं सांगतात. ही गोष्ट वसुलीवाल्यांच्या कानावर अजून गेलेली दिसत नाही.)

आमच्या गल्लीतल्या विठ्ठल मंदिरात गुरुवारी भजन असतं. पूर्वी मी कधीमधी जायचो, आता चुकवत नाही. मंडळी कोण? एक रिक्षावाले, दोन कंपनीतले, एक भाजीची गाडी लावणारे, एक निवृत्त मास्तर, आणि मी. पेटीचा भाता एका बाजूने फाटलाय, त्याला चिकटपट्टी लावलीय. पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावायची कणीक मास्तरांच्या घरून येते, वाटीत ओल्या फडक्याखाली झाकून. सुरुवातीच्या, विठ्ठलाचं रूप वर्णन करणाऱ्या अभंगापर्यंत सगळे आपापल्या विवंचनेतच असतात, ते चेहऱ्यावर दिसतं. नंतर गवळण येते, लय चढते, आणि रिक्षावाले मामा चाल चुकवून तिसरीकडेच जातात तेव्हा त्यांना परत आणण्यात सगळ्यांची इतकी शक्ती जाते की दुसरं काही सुचत नाही.

याला मी अध्यात्म म्हणणार नाही, तेवढी माझी लायकी नाही. साधी गोष्ट आहे. दोन्ही हातांत टाळ असताना फोन उचलता येत नाही. मोठ्याने गायचं तर पोटातून श्वास घ्यावा लागतो, आणि चिंतेत असलेला माणूस दिवसभर नेमका तेवढाच घेत नाही. शिवाय शेजारी बसलेल्याचाही हप्ता थकलेला असतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण तिथे कुणी कुणाला पगार विचारत नाही. एकट्याने कानात बोळे घालून ऐकलेल्या गाण्याने मला हे कधी दिलं नाही.

वडील हे आधीपासून जाणून होते. ते मुंबईत लालबागला कापडगिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि महिन्यांमागून महिने पगार नाही. एका गावच्या माणसांनी मिळून राहायच्या गावकीच्या खोलीतले निम्मे लोक गावाला गेले. वडील राहिले. खानावळवाल्या मावशींचं बिल थकलेलं, कपाटातलं एकेक भांडं मोडीत जातंय, आणि रात्री खोलीत भजन. आई गावाहून चिठ्ठी लिहून विचारायची, ‘पोटाला नाही आणि भजनं कसली करताय?’ वडील म्हणायचे, भजन नसतं तर ती माणसं रात्री कुठे गेली असती ते तुझ्या आईला माहीत नाही. गुत्ते उघडे होते, एवढंच ते सांगायचे.

त्याच्याही आधीची, अण्णा भाऊ साठ्यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड वडिलांना पाठ होती. अण्णा भाऊ वाटेगावहून मुंबईला चालत आलेले, गिरणीत राबलेले. पोटासाठी गाव सोडून आलेल्या माणसाची ती तगमग. पुढे ती संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याला जाऊन मिळते, पण सुरुवात होते ती घरच्या माणसाच्या आठवणीने काहिली होण्यापासून. ती म्हणताना वडिलांचा आवाज पहिल्याच ओळीला जड व्हायचा.

आणि बायकांकडे तर हे सगळं पहाटेच्या जात्यावर होतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून या ओव्या गोळा केल्या. आज ‘पारी’ या ग्रामीण भारताविषयीच्या संकेतस्थळावरच्या त्या संग्रहाचा आकडा लाखाच्या वर आहे. ऐका कधीतरी. भाऊराया आहे, विठ्ठल आहे, पण दारुडा नवरा आहे, सासुरवास आहे, घरातलं दारिद्र्यही आहे. जे कुणापाशी बोलायची सोय नव्हती ते बाई दगडापाशी बोलून मोकळी व्हायची, आणि हाताखाली पीठ पडत असायचं.

आता एक गोष्ट या सगळ्या कौतुकाच्या आड येते, ती सांगतोच. ‘गरिबीतही कशी गातात बघा’ असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. गाण्याने रेशन भरत नाही. वडिलांची गिरणी भजनाने सुरू झाली नाही. आणि आपल्याला जे गाऊन रिझवतात त्यांच्या पोटाचं काय? नारायणगावला पाडव्याच्या सुमारास तमाशाच्या राहुट्या लागतात, गावोगावचे यात्रा कमिटीवाले येऊन सुपाऱ्या देतात, त्यावर फडाचं वर्ष चालतं. फडमालकाने सावकाराकडून पैसे उचललेले, कलावंताने मालकाकडून उचल घेतलेली. 2020 आणि 2021 चे दोन्ही हंगाम कोरोनात गेले तेव्हा उचल डोक्यावर तशीच राहिली. ज्यांच्या लावण्या आपण टाळेबंदीत मोबाइलवर फुकट बघत बसलो होतो, त्यातल्या कितीतरी जणी तेव्हा शेतात मजुरी शोधत होत्या. गोंधळी, बँडवाले, सनईवाले, सगळ्यांची तीच गत. म्हणून माझं एक साधं मत आहे: यात्रेची वर्गणी द्यायची वेळ आली की खळखळ करू नये, आणि कमिटीने सुपारीत घासाघीस करू नये. डीजेला लाखभर मोजणारी गावं तमाशाच्या वेळी हिशेबी कशी होतात हे मला न सुटलेलं कोडं आहे.

असो. लांबलं. मूळ काम वेगळंच होतं. आमचा पखवाजवाला रात्रपाळीला अडकलाय, पुढचे दोन महिने तरी सुटणार नाही. मास्तर तबल्यावर भागवतात पण मजा येत नाही. भोसरी-मोशीच्या बाजूचा कुणी असेल तर गुरुवारी रात्री नऊला या. मानधन नाही, चहा आहे. बेताचा वाजवत असाल तरी चालेल, आम्हीही तसेच गातो.