उन्हाळी संशोधन प्रशिक्षण आणि नर्सिंगचे विद्यार्थी : खुलासा

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची दोन महिन्यांची विद्यार्थी-संशोधन योजना नर्सिंगलाही खुली असून ती अंतिम वर्षाच्या इंटर्नशिपऐवजी धरली जाते, असा संदेश सांगली-मिरजेतील नर्सिंगच्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत फिरत आहे. दोन्ही विधाने चुकीची आहेत. 1979 पासून चालणारी ती योजना एमबीबीएस आणि बीडीएसच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, आणि बीएस्सी नर्सिंगची इंटर्नशिप म्हणजे अभ्यासक्रमातच बांधलेले वॉर्डांतील सराव-काम असल्याने सुट्टीतले संशोधन तिची जागा घेऊ शकत नाही.

मधुमेही रुग्णांतील नैराश्यासारखा, शरीर आणि मन दोन्हींना स्पर्श करणारा विषय परिचारिकेने अभ्यासावा असाच आहे; मात्र नैतिकता समितीची मंजुरी आधी हवी आणि मानसिक आजार असलेल्या व्यक्तीची नुसती मुलाखत घ्यायची असली तरी, 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 99 नुसार, माहितीपूर्ण संमती लागते, ज्याबद्दल संदेशात (नेहमीप्रमाणे) अवाक्षर नाही.